दोष कोणाचा?

वाचकहो, आमच्या पाहण्यात दोन भाऊ आहेत. म्हाताऱ्या आईने गावीच राहावे असे थोरल्याला वाटे. शहरात दवाखान्याजवळ राहावे असे धाकट्याला. दोघांच्याही मनात आईचे हितच. पण आज त्यांच्यात बोलणे नाही. मग चुकले कोणाचे? कोणी चुकल्याशिवाय दोष उपजतच नाही, असे आपण धरून चालतो. विश्वशास्त्र मात्र निराळे काही सांगते.

शास्त्रज्ञ ज्याला निर्वात म्हणतात, ते म्हणजे ‘काहीच नाही’ असे नव्हे. पदार्थ सगळा काढून घेतला तरी जागेत क्षेत्रे उरतातच. ती कमीत कमी ऊर्जेत स्थिरावली, की ती निर्वात स्थिती. काही सिद्धांतांप्रमाणे अशा स्थिती अनेक असतात, आणि सगळ्या सारख्याच तोलाच्या. विश्व अतितप्त होते तोवर निवडीचा प्रश्नच नव्हता. ते निवू लागले तशी प्रत्येक भागाला एकेक स्थिती धरावी लागली. दूरच्या भागाने काय धरले, हे कळायला मार्ग नव्हता. प्रकाशही तेथून येऊन पोचला नव्हता. लंडनचे शास्त्रज्ञ टॉम किबल यांनी १९७६ साली दाखवले, की अशा भागांच्या सांध्यावर न जुळलेल्या जागा राहू शकतात. कोठे भिंतीसारख्या, कोठे दोऱ्यासारख्या, कोठे बिंदूएवढ्या. त्यांनाच ‘दोष’ म्हणतात.

डोक्यावरचा भोवराच पाहा ना. केस न् केस आपल्या जागी नीट वळलेला, तरी मध्ये भोवरा आहेच! कितीही विंचरा, तो जरा सरकेल, पण जायचा नाही. दोष एका केसाचा नव्हे. तो सगळ्यांच्या वळणात मिळून आहे.

आकाशात असे दोरे अजून सापडलेले नाहीत. पण १९९६ साली हेलसिंकी आणि ग्रेनोबल येथे अतिथंड हेलियमवर प्रयोग झाले. द्रवाचा इवलासा भाग तापून झटकन निवला, आणि त्यात भोवरे राहून गेलेले आढळले. किबल यांच्या विचाराला त्यामुळे बळ मिळाले.

तर मग त्या भावांतही कोणीच चुकले नाही, असे म्हणून मोकळे व्हावे काय? आम्हांस तसे वाटत नाही. विश्वाच्या त्या भागांना एकमेकांना विचारण्याची सोयच नव्हती. या दोन भावांना ती होती, आजही आहे. आपापले मत धरण्यात दोघेही चुकले नाहीत. पण हाकेच्या अंतरावर असून ‘तुला काय वाटते रे?’ एवढे विचारले नाही, ही चूक मात्र खरी. आणि ती दोघांचीही.