शनी, सूर्य आणि शेताची हद्द

नेवासे तालुक्यात शनिशिंगणापूरच्या उघड्या चौथऱ्यावरील काळ्या शिळेला तेल वाहण्यासाठी दूरदूरच्या मुलुखांतून जे भाविक येतात, त्यांची अशी श्रद्धा असते की आकाशस्थ ग्रहाची दृष्टी मनुष्याच्या प्रपंचापर्यंत पोहोचते. पुराणांनी शनीला सूर्यपुत्र मानले आहे. पुत्राच्या प्रभावाविषयी मतभेद असोत. पित्याचा प्रभाव त्याच तालुक्यातील शेताच्या बांधापर्यंत येतो, हे निर्विवाद आहे.

भूमी अभिलेख खात्याचा भूकरमापक पूर्वी साखळी घेऊन येई. आता तो रोव्हरची, म्हणजे उपग्रहांच्या संदेशांवरून जागा ठरवणाऱ्या यंत्राची, काठी बांधावर धरतो, पाणसळीचा बुडबुडा मध्यावर आणतो आणि पडद्यावर ‘फिक्स’, म्हणजे जागा अचूक ठरल्याची खूण, उमटण्याची वाट पाहतो. सुमारे २०,००० किलोमीटरवरून येणारा उपग्रहाचा संदेश सूर्यकिरणांनी विद्युद्भारित केलेल्या थरातून उतरत असतो, आणि सूर्य प्रक्षुब्ध झाला म्हणजे तो थर विस्कटून संदेश विलंबाने व कंप पावत येतो. चुंबकीय विषुववृत्ताच्या सान्निध्यामुळे आपल्याकडे हा उपद्रव अधिक, त्यातही सूर्यास्तानंतर. सौरक्षोभाची आपली दफ्तरे जुनी आहेत: १८५९च्या सप्टेंबरातील महावादळाची नोंद मुंबईच्या कुलाबा वेधशाळेने केली होती.

आता या वादळांचे भाकीतही करता येते. मग ग्रहफल आणि हे भाकीत यांत तत्त्वतः भेद कोणता? मला तो भाकिताच्या आशयापेक्षा ते ऐकणाऱ्याच्या वृत्तीत अधिक दिसतो. ग्रहशांती करणारा मनुष्य, त्याचे दुःख कितीही खरे असले तरी, स्वतःपुरती सूट मागत असतो. सौरवादळ मात्र कोणाची रास पाहत नाही, बांधाच्या दोन्ही अंगांच्या खातेदारांना ते सारखेच गाठते. शिवाय हे भाकीत आपली मर्यादा स्वमुखाने सांगते. सूर्यापासून निघालेल्या विद्युद्भारित कणांच्या मेघातील चुंबकक्षेत्र दक्षिणाभिमुख, म्हणजे पृथ्वीला उपद्रवकारक, आहे की नाही, हे तो पृथ्वीपासून १५ लक्ष किलोमीटरवरील ‘आदित्य-एल१’सारख्या यानापाशी येईपर्यंत खात्रीने कळत नाही, आणि त्यानंतर हाती उरतो सुमारे तासाभराचा अवधी. इतक्या अपुऱ्या ज्ञानावरही कर्तव्य ठरवावे लागते, आणि भयापेक्षा हे ओझे मला अधिक धर्म्य वाटते. कारण त्यात दैवावर हवाला ठेवून मोकळे होण्याची सवलत नाही.

म्हणून भाकीत प्रतिकूल असेल त्या दिवशी हद्दीची खूण कायम न करता मोजणीची तारीख पुढे नेण्याचा अधिकार भूकरमापकाला असावा, आणि तहकुबीचे कारण दोन्ही खातेदारांना जागेवरच वाचून दाखवावे.