अस्मानी, सुलतानी आणि विमानाचं तिकीट

२६ नोव्हेंबर २०२१ या एकाच दिवशी दोन बातम्या आल्या. पहिली भारत सरकारची: वीस महिने बंद असलेली नियमित आंतरराष्ट्रीय विमानसेवा १५ डिसेंबरपासून सुरू होणार. दुसरी जागतिक आरोग्य संघटनेची: करोनाच्या एका नव्या उपप्रकाराची नोंद चिंताजनक म्हणून झाली असून त्याचं नाव ओमिक्रॉन. पहिली बातमी वाचून कुणी नाताळच्या सुट्टीत घरी यायची तिकिटं शोधली, तर दुसरी वाचून कुणी काढलेली तिकिटं ठेवावीत की रद्द करावीत याचा विचार सुरू केला. पाच दिवसांनी, १ डिसेंबरला, सरकारने विमानसेवेचा निर्णय पुढे ढकलला. मधल्या काळात ‘एअर बबल’ करारांखालची मोजकी विमानं उडत राहिली. नियमित सेवा सुरू व्हायला २७ मार्च २०२२ उजाडला.

त्या पाच दिवसांत ज्यांनी तिकिटं काढली त्यांना काय म्हणायचं? सरकारच्या शब्दावर विसंबणारे साधे लोक? की साथ संपलेली नाही हे दिसत असतानाही उतावळेपणा करणारे? आणि त्यांचं जे नुकसान झालं ते कुणी सोसायला हवं होतं? हा प्रश्न ग्राहक तक्रार मंचाचा आहे असं वरवर वाटतं. पण त्याच्या खाली एक जुना नैतिक प्रश्न आहे: कुणाचीच चूक नसताना झालेलं नुकसान कुणाच्या पदरात टाकायचं?

मराठीत या प्रश्नासाठी एक जोडशब्द तयार आहे: अस्मानी-सुलतानी. अस्मानी म्हणजे आभाळातून येणारं संकट, दुष्काळ, अतिवृष्टी, टोळधाड. सुलतानी म्हणजे राज्यकर्त्यांकडून येणारं, स्वारी, लूट, जुलमी हुकूम. जुन्या महसुली कागदपत्रांत हे शब्द नुसते हळहळ व्यक्त करायला आलेले नाहीत, त्यांना हिशेबात जागा होती. अस्मानी किंवा सुलतानी आली तर ठरलेल्या रकमेत सूट द्यायची किंवा वसुली तहकूब करायची, अशी ती व्यवस्था. प्रत्येकाला सूट मिळत होती असं मानायचं कारण नाही. पण तत्त्व लक्षात घेण्यासारखं आहे. पीक शेतकऱ्याच्या हातात नव्हतं हे एकदा मान्य केलं, की सगळा तोटा त्याच्याच डोक्यावर ठेवता येत नाही. वरच्यालाही त्यातला वाटा उचलावा लागतो.

साथीच्या काळातलं तिकीट या दोन्ही संकटांच्या बरोबर मध्ये सापडलं. विषाणू अस्मानी होता, विमानं थांबवण्याचा हुकूम सुलतानी होता. त्यामुळे प्रत्येकाला दुसरीकडे बोट दाखवायची सोय झाली. विमान कंपनी म्हणाली, विमान आम्ही थांबवलेलं नाही, सरकारने थांबवलं. सरकार म्हणालं, आम्ही हौसेने थांबवलेलं नाही, साथ आली म्हणून थांबवलं. विम्याच्या बऱ्याच पॉलिसींत आधीपासून माहीत असलेल्या संकटाला भरपाई नव्हती, आणि साथ तर सगळ्या जगाला माहीत होती. प्रत्येकाचं म्हणणं आपापल्या जागी खरं होतं. एवढ्या सगळ्या खऱ्या म्हणण्यांची बेरीज मात्र अशी झाली, की ज्याने सर्वांत आधी पैसे भरले होते तोच सर्वांत शेवटी ताटकळत राहिला.

भारतात हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. १ ऑक्टोबर २०२० च्या निकालात न्यायालयाने तिकीट कधी काढलं यावरून भेद केला. टाळेबंदीच्या काळात, म्हणजे २५ मार्च ते २४ मे २०२० दरम्यान, त्याच काळातल्या प्रवासासाठी तिकीट काढलं असेल तर पूर्ण पैसे ताबडतोब परत. टाळेबंदीच्या आधी काढलं असेल, तर पंधरा दिवसांत परत. कंपनी आर्थिक अडचणीत असेल तर तेवढ्या रकमेचं ‘क्रेडिट शेल’. ते ३१ मार्च २०२१ पर्यंत वापरता येईल, दुसऱ्या कुणाला देता येईल, आणि त्याचं मूल्य दरमहा आधी अर्धा टक्का व जून २०२० नंतर पाऊण टक्क्याने वाढत जाईल.

या भेदामागे मला एक साधी नीती दिसते. टाळेबंदीच्या आधी ना घेणाऱ्याला कल्पना होती, ना विकणाऱ्याला. दोघंही सारखेच अंधारात होते, म्हणून तिथे थोडी वाटणी मान्य झाली. टाळेबंदी सुरू असताना, विमानं जमिनीवर उभी असताना, पुढच्या आठवड्यांची तिकिटं विकणारा मात्र घेणाऱ्यापेक्षा जास्त जाणत होता. ज्याला जास्त माहीत, त्याने जास्त सोसावं. आणि दरमहा वाढणारी ती रक्कम? तिचा अर्थ मी असा लावतो, की प्रवाशाचे अडकलेले पैसे म्हणजे त्याने कंपनीला दिलेलं कर्ज होतं. कुणी न विचारता, सही न घेता उचललेलं कर्ज. पगार कापले गेलेल्या, नोकऱ्या गेलेल्या त्या वर्षात हजारो घरांनी विमान कंपन्यांना नकळत उसने पैसे दिले होते, हे या व्याजामुळे निदान कागदावर तरी आलं.

पण न्यायालयासमोर आली ती सोपी बाजू होती: विमान रद्द झालं. अवघड बाजू वेगळीच असते. विमान उडतं, पण आपल्याला जाता येत नाही, किंवा जाण्याची किंमत अचानक वाढते. नोव्हेंबर २०२० मध्ये दिवाळी होऊन आठवडा झाला नसेल, तोच महाराष्ट्र सरकारने २३ तारखेला नियम काढला: २५ पासून दिल्ली, राजस्थान, गुजरात आणि गोवा इथून येणाऱ्या विमान प्रवाशांकडे ७२ तासांच्या आतला निगेटिव्ह आरटीपीसीआर अहवाल हवा. त्या दिवशी गोव्यात असलेल्या मुंबईकराचं विमान रद्द झालं नव्हतं. फक्त परतीच्या आधी प्रयोगशाळा शोधणं, माणशी चाचणीचे पैसे भरणं आणि अहवाल वेळेत येईल का या चिंतेत सुट्टीचे उरलेले दिवस घालवणं त्याच्या वाट्याला आलं. आणि अहवाल पॉझिटिव्ह आला तर? कंपनीच्या हिशेबात तो ‘न आलेला प्रवासी’.

ब्रिटनमध्येही याच पेचावर गाडं अडलं. टाळेबंदीत कायद्यानेच घराबाहेर पडायला मनाई होती, तरी काही विमानं उडत होती. ज्यांना कायदा पाळल्यामुळे जाता आलं नाही, त्यांना पैसे परत न करणाऱ्या दोन मोठ्या कंपन्यांची तिथल्या स्पर्धा नियामकाने चौकशी सुरू केली आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये बंदही केली. कारण दिलं ते असं, की अशा परिस्थितीत कायदा पुरेसा स्पष्ट नाही. म्हणजे नियम मोडून विमानतळावर गेलेल्याला निदान त्याची सीट मिळाली असती. नियम पाळून घरी बसलेल्याचे पैसे गेले. जी व्यवस्था आज्ञाधारक माणसालाच दंड करते, तिच्यात काहीतरी मुळातच बिघडलेलं असतं.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो बिनतोड वाटतो: साथ चालू असताना तिकीट काढलंच कशाला? घरी बसायचं. तत्त्वज्ञानात या आक्षेपाची चिकित्सा आधीच झालेली आहे. १९७६ साली बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल यांनी ‘नैतिक नशीब’ ही कल्पना मांडली. दोन चालक गाडीचे ब्रेक तपासून घेत नाहीत. एकाच्या गाडीसमोर अचानक मूल धावत येतं, दुसऱ्याच्या गाडीसमोर येत नाही. निष्काळजीपणा दोघांचा सारखाच, तरी पहिल्याला जग आयुष्यभर दोषी धरतं आणि दुसऱ्याला ठपका लागत नाही. तिकिटांचंही तसंच झालं. नोव्हेंबर २०२१ च्या मध्यात तिकीट काढून महिनाअखेरीस जाऊन आलेला माणूस हुशार ठरला. त्याच दिवशी, तेवढीच माहिती हाताशी असताना जानेवारीचं तिकीट काढणारा बेजबाबदार. पहिल्याला शहाणपण आधी सुचलं असं नाही, तारीख त्याच्या बाजूने लागली.

यावर कुणी म्हणेल, मग शक्यता मोजायची. पण फ्रँक नाइट या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९२१ मध्येच जोखीम आणि अनिश्चितता यांत फरक केला होता. फासे टाकताना सहा पडण्याची शक्यता काढता येते, ती जोखीम. जिथे शक्यताच काढता येत नाही, ती अनिश्चितता. पुढच्या महिन्यात कोणता देश कोणता नियम करील याची टक्केवारी कुणाकडे होती? ३० नोव्हेंबर २०२१ ला महाराष्ट्राने बाहेरदेशांतून येणाऱ्यांसाठी कडक नियम काढले, केंद्राने हरकत घेतली, आणि २ डिसेंबरला ते बदलले. जो आदेश काढणाऱ्यालाच दोन दिवस पुढचं दिसत नव्हतं, त्या आदेशाचा अंदाज प्रवाशाने महिनाभर आधी बांधायला हवा होता, असं म्हणणं न्यायाचं नाही.

‘घरी बसायचं’ या सल्ल्यात आणखी एक गृहीतक दडलेलं असतं: सुट्टी म्हणजे हौस. काहींची ती हौस असतेच. पण परदेशी राहणाऱ्याची सुट्टी म्हणजे बहुतेकदा इकडचे आईवडील. त्याला वर्षातून मिळणाऱ्या तीन आठवड्यांना ऑफिस ‘सुट्टी’ म्हणतं, आई ‘तो येतोय’ म्हणते. सीमेवरच्या अर्जात या दोन्हींसाठी एकच रकाना असतो. एप्रिल २०२१ च्या अखेरीस ऑस्ट्रेलियाने जाहीर केलं, की आधीच्या १४ दिवसांत भारतात असलेल्या कुणीही, अगदी ऑस्ट्रेलियन नागरिकानेही, ३ मेपासून देशात पाऊल ठेवलं तर पाच वर्षांपर्यंत कैद किंवा ६६,६०० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. १५ मे रोजी ही बंदी संपली. पण भारतात आजारी आईला पाहायला आलेला आणि लग्नाला आलेला, दोघांनाही त्या दोन आठवड्यांत आपल्याच घराचं दार बंद होतं. कुणाचं जाणं गरजेचं आणि कुणाचं हौसेचं, हे बाहेरून ठरवणं फार अवघड असतं.

मग सरकारांनी नियम करूच नयेत का? तसं मला म्हणायचं नाही. उलट साथीच्या नियमांत एक अपरिहार्य क्रूरपणा आहे: ते अचानकच करावे लागतात. जून २०२१ मध्ये ब्रिटनने पोर्तुगालला सुरक्षित देशांच्या यादीतून काढलं, तेव्हा पाच दिवसांची मुदत दिली. सुट्टीवर गेलेल्यांची मुदतीआधी परतायची धावपळ उडाली. डिसेंबर २०२० मध्ये ब्रिटनमध्ये नवा उपप्रकार सापडला, तेव्हा भारताने तिथली विमानं जवळपास एका दिवसाच्या सूचनेवर थांबवली. मुदत द्यावी तर माणसांबरोबर विषाणूलाही ती मिळते; न द्यावी तर माणसं अडकतात. यात दोन्हीही बाजूंना वजन आहे, आणि आरोग्याच्या बाजूला कदाचित जास्त.

म्हणूनच जुना सुटीचा विचार मला इथे उपयोगी वाटतो. जिथे सूचना देता येत नाही, तिथे सूट द्यायला हवी. सर्वांच्या भल्यासाठी काहींचे पैसे, काहींच्या भेटी बुडवाव्या लागत असतील, तर ज्यांच्यासाठी त्या बुडाल्या त्या सर्वांनी तो भार थोडाथोडा उचलायला हवा. अचानक नियम करण्याचा अधिकार आणि त्याचा खर्च वाटून घेण्याची जबाबदारी एकाच हुकुमात लिहिलेली असावी. नाहीतर दारं लावणारा वेगळा आणि दाराबाहेर भिजणारा वेगळा, असं होतं.

हीच फुटपट्टी प्रवाशालाही लागू पडते, हे सोयीस्करपणे विसरता येणार नाही. साखळीत विमान कंपनीच्या पलीकडेही माणसं असतात. मालवणात दोन खोल्या भाड्याने देणारं कुटुंब, गोव्यात गाडी घेऊन तीन दिवस ठरवून ठेवलेला ड्रायव्हर. आपलं जाणं रद्द झालं की पूर्ण आगाऊ रक्कम परत मागणारे आपण त्यांच्यासाठी वरचे असतो. आपल्यासाठी ती रक्कम एका सुट्टीची असते, त्यांच्यासाठी अनेकदा महिन्याच्या किराण्याची. गटाने घेतलेल्या बंगल्याचा खर्चही तसाच. एकाचा अहवाल पॉझिटिव्ह आला, तर त्याचा वाटा त्याच्याकडूनच वसूल करायचा की उरलेल्यांनी उचलायचा? आपल्याला कंपनीने वाऱ्यावर सोडलं म्हणून संतापलेला माणूस या प्रश्नाचं काय उत्तर देतो, यावरून त्याच्या संतापात न्यायाची चाड किती आणि स्वतःच्या खिशाची किती, ते कळतं.

विमानाचं तिकीट नेहमीच असं होतं. बुद्धिबळातली पुढची चाल आधी जाहीर करावी, तसं आपण दोन महिन्यांनंतरच्या एका सकाळवर पैसे लावत आलो आहोत. साथीने त्या सकाळीची खात्री काढून घेतली, तेव्हा दिसलं की त्या पैशांबरोबर बऱ्याच जणांचं जगणं आणि बऱ्याच जणांचं वाट पाहणं एकमेकांत गुंतलेलं होतं. पुढची साथ कधी येईल ते सांगता येत नाही. पण ती आल्यावर कोण किती सोसणार, हे शांततेच्या काळात ठरवता येतं, कारण आत्ता कुणालाच माहीत नाही की त्या दिवशी दाराच्या कोणत्या बाजूला आपण असू.