समता : कीर्तनातली आणि ओसरीवरची

भजन आटोपल्यावर एका गृहस्थांनी विचारले, ‘बुवा, तुम्ही समता समता म्हणता, पण हाताची पाच बोटे तरी सारखी असतात का?’ प्रश्न नवा नाही. पुष्कळदा तो जाणून घेण्यासाठी नव्हे, तर विषय मिटवण्यासाठीच विचारला जातो. तरी उत्तर दिले पाहिजे.

घोटाळा शब्दांचा आहे. सारखेपणा, समता आणि बरोबरी हे तीन शब्द आपण एकाच पोत्यात भरतो. सारखेपणा हा वस्तूचा धर्म. दोन नाणी सारखी असतात. समता हा पाहणाराचा धर्म. गीतेने समत्वालाच योग म्हटले, ते यश-अपयशात न डळमळणाऱ्या चित्ताविषयी. बोटे लहानमोठी असोत. पण कोणतेही बोट दारात चेमटले की कळ मस्तकात जातेच. बोटे सारखी नाहीत खरी, पण जीव एकाही बोटाला परके मानीत नाही. ही समता.

राहिली बरोबरी. गंमत पाहा, हा शब्द बोलताना आपण बहुधा रागानेच वापरतो : ‘माझी बरोबरी करतोस काय?’ समता कीर्तनात गोड लागते. तीच बरोबरी होऊन ओसरीवर आली की कडू लागते. आपली परीक्षा येथेच आहे.

‘आत्मा सर्वांत एकच’ असे म्हणून बाहेरचा भेद तसाच ठेवण्याची सोय या शब्दात आहे, हे कबूल केले पाहिजे. चोखोबांची समाधी पंढरीस महाद्वाराशी आहे. त्यांचे अभंग आपण शतकानुशतके गाइले. परंतु त्यांच्या जातीच्या माणसांना विठोबाच्या देवळात जाता यावे म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये उपोषणास बसावे लागले. पुढे राज्यघटनेच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यताच नष्ट केली. दार उघडले, कायदाही झाला; पण ताट कोण वाढणार?

दुसऱ्याचे कशाला, माझेच सांगतो. वारीत ज्यांच्या पायांवर मी डोके ठेवले होते, ते एक गृहस्थ पुष्कळ वर्षांपूर्वी आमच्या घरी आले. त्यांना चहा आला तो वेगळ्या कपात. मी पाहिले आणि गप्प बसलो. त्यांनी चहा घेतला, कप स्वतःच विसळून पालथा घातला आणि ‘येतो, माउली’ म्हणून निघाले. समतेवर तासभर बोलणाऱ्या माझ्या जिभेला त्या दिवशी एक वाक्य फुटले नाही. ते ‘माउली’ अजून कानात आहे.

म्हणून सज्जनहो, समतेचा अर्थ कोशात पाहण्यापूर्वी आपल्या घरच्या फडताळात पाहावा. तेथे एखादा कप बाजूला ठेवलेला असेल, तर शब्द आपल्याला पाठ झाला आहे, कळलेला नाही.