मिऱ्याचा वास

फ्रान्समधल्या बर्गंडी प्रांतात, बोन गावात एक जुनी खाणावळ होती. गाव लहान, पण त्याच्या पोटात दुसरं गाव होतं, तळघरांचं. वर माणसं चालत आणि खाली अंधारात वाईनची पिंपं निजलेली असत. खाणावळीच्या अंगणातून १४४३ साली स्थापन झालेल्या धर्मादाय रुग्णालयाचं रंगीत कौलांचं छप्पर दिसे. लोकांनी त्या रुग्णालयाला पिढ्यान् पिढ्या द्राक्षमळे दान दिले होते, आणि त्या मळ्यांच्या वाईनचा लिलाव १८५९ पासून नोव्हेंबरात होत आला होता. अशा गावात वाईनविषयी बोलणं म्हणजे आपल्याकडे पाऊसपाण्याविषयी बोलण्यासारखं होतं.

खाणावळीत एक म्हातारा सोमेलिए होता. पाहुण्याला जेवणाजोगी वाईन निवडून वाढायची, हे त्याचं काम. तळघराची किल्ली चाळीस वर्षं त्याच्या कमरेला होती. आता त्याचे गुडघे जिना उतरायला कुरकुरू लागले होते, म्हणून त्याने दोन शिष्य हाताशी घेतले. एक मुलगा वाईनच्या व्यापाऱ्याच्या घरातला होता. त्याला मळ्यांचे नकाशे पाठ होते. दुसरी मुलगी, विशीतली, डोंगरातल्या खेड्यातून आलेली. ती खाणावळीत पेले धुवायची आणि पुसायची. पेला पुसून झाला की ती तो नाकाशी धरून बघे, कापडाचा वास तर राहिला नाही ना. म्हाताऱ्याने तिला निवडलं ते एवढ्यावरून.

सोमवारी खाणावळ बंद असे. त्या संध्याकाळी म्हातारा पाच बाटल्या काढी आणि प्रत्येकीला लोकरीचा एकेक मोजा चढवी. मोजे त्याच्या बायकोने विणलेले होते. लेबल झाकलेलं, शिष्यांनी फक्त पेल्यातलं ओळखायचं. पण पहिल्याच सोमवारी मुलाने मोज्यावरून नुसती नजर फिरवली आणि म्हणाला, "ही बोर्डो." बोर्डोच्या बाटलीचे खांदे चौकोनी उभे असतात आणि बर्गंडीच्या बाटलीचे उतरते, हे त्याला ठाऊक होतं. म्हातारा काही बोलला नाही. पुढच्या सोमवारपासून तो पलीकडच्या खोलीत वाईन ओतून नुसते पेले आणू लागला.

"आधी डोळा," तो सांगे, "मग नाक, मग जीभ. जे दिसेल, जे येईल, जे लागेल ते लिहायचं. नाव सगळ्यांत शेवटी."

पेला पांढऱ्या रुमालावर तिरपा धरायचा. पिनो न्वार द्राक्षाची साल पातळ, म्हणून बर्गंडीची तांबडी वाईन फिकी. पेल्याखाली वर्तमानपत्र ठेवलं तर अक्षरं वाचता यावीत इतकी. काबर्ने सोव्हिन्यों द्राक्षाचा मणी बारका आणि सालीचा जाड, म्हणून बोर्डोचा रंग गडद. तिच्या वासात काळ्या करंटबरोबर कधी हिरव्या ढोबळी मिरचीची छटा येई, कधी नुकत्याच तासलेल्या पेन्सिलीची. स्पेनच्या रिओहात जुन्या पद्धतीचे लोक वाईन अमेरिकी ओकच्या पिंपात मुरवत, त्यामुळे तिच्यात व्हॅनिला आणि खोबऱ्याचा गोडसर वास उतरे.

सगळ्यांत फसवी होती ती इटलीची बारोलो. नेब्बिओलो नावाच्या द्राक्षाची. हंगामानंतर किमान ३८ महिने, त्यातले १८ लाकडात, ती थांबलेली असते. दिसायला बर्गंडीसारखीच फिकी, कडेला विटकरी. वासात गुलाबाच्या वाळल्या पाकळ्या आणि डांबर. नवखा माणूस रंगावर भुलून बर्गंडी म्हणून मोकळा होतो. मग घोट तोंडात घोळवला की हिरड्या आवळून येतात, गाल आतून दातांना चिकटतात. आपण कच्चं जांभूळ चावतो तेव्हा होतं ना, अगदी तसं. बर्गंडी कधी अशी वागत नाही.

आणि एक होती रोन नदीच्या उत्तर खोऱ्यातली, सिरा द्राक्षाची. तिची खूण म्हणजे काळ्या मिऱ्याचा वास.

पहिल्यांदा सिरा समोर आली तेव्हा मुलाने पेला नाकाशी नेला आणि लगेच लिहिलं, 'मिरी'. मुलीने पेला हुंगला. तिला काळ्या ऑलिव्हचा वास आला, धुरावर टांगलेल्या मांसाचा आला, मागून हलकासा फुलांचा आला. मिऱ्याचा आला नाही. तिने पेला फिरवला, पुन्हा हुंगला. काही नाही. तिने हळूच मुलाच्या कागदाकडे बघितलं आणि आपल्या कागदावर लिहिलं, 'मिरी'.

म्हातारा कागद वाचून म्हणाला, "छान."

त्या एका शब्दाने तिचं वर्ष बांधलं गेलं. पुढे सिरा आली की मुलाचा चेहरा बदलायचा. नाकपुडी किंचित फुलायची, पेन्सिल आधी वळायची. मुलगी ते ओळखायला शिकली. वर्षभरात तिला त्याचा चेहरा इतका पाठ झाला की तो लिहायच्या आधीच तिचा 'मिरी' शब्द कागदावर उतरे. रात्री पेले पुसताना मात्र तिला वाटायचं, सगळ्यांना येतो तो वास आपल्यालाच का येत नाही? आपलं नाक या कामाचं नाही. हे कुणाला कळलं तर?

वर्ष सरलं. एका सोमवारी म्हाताऱ्याने कमरेची किल्ली सोडून टेबलावर ठेवली.

"आज परीक्षा," तो म्हणाला. "तू खाली तळघरात बस, बाळा. आणि तू वर, माळ्यावर."

दोघांसमोर तेच पाच पेले ठेवले गेले. मध्ये दोन मजले होते.

मुलाने पहिला पेला बोर्डो म्हणून ओळखला आणि दुसरा रिओहा म्हणून. बरोबर होते. तिसरा पेला त्याने रुमालावर धरला. वाईन फिकी होती. 'बर्गंडी,' तो मनात म्हणाला, आणि नाव सुचल्याबरोबर त्याचा हात भराभर चालू लागला. चेरी, ओली पानं, रेशमी स्पर्श, मृदू तुरटपणा. बर्गंडीचं जे जे लिहायचं ते त्याला पाठ होतं. घोट त्याने घेतला तो लिहिता लिहिता. हिरड्या आवळून आल्या, जीभ खरखरीत झाली. पण तेव्हा तो 'मृदू' हा शब्द लिहीत होता. चौथा पेला सिरा होता, तो त्याला पटकन कळला. पाचवा पेला पुन्हा फिका निघाला. आता काय करायचं? बर्गंडी तर होऊन गेली होती. त्याने थोडा विचार केला आणि दुसऱ्या एका फिक्या वाईनचं नाव लिहिलं, 'बोजोले'.

वर माळ्यावर मुलगी हळूहळू चालली होती. दुसऱ्या पेल्याशी ती अडली. तिला खोबऱ्याच्या बिस्किटाचा वास येत होता. तिने तो लिहिला, व्हॅनिला लिहिला, जुनं झालेलं कातडं लिहिलं. पण नाव लिहिताना घाबरली आणि 'जुनी बोर्डो' लिहून बसली. तिसऱ्या पेल्याने तिचं तोंड आवळलं, तेव्हा ती एकटीच हसली. बारोलो.

मग चौथा पेला आला.

तिने तो नाकाशी नेला. ऑलिव्ह, धूर, जांभळी फुलं. तिने सवयीने उजवीकडे मान वळवली. तिथे भिंत होती. भिंतीला पोपडे आले होते आणि एका खिळ्यावर लसणीची माळ टांगलेली होती. चेहरा नव्हता.

ती बराच वेळ बसून राहिली. पेल्यातली वाईन हाताच्या उबेने थोडी कोमट झाली. मग तिने लिहिलं: 'काळे ऑलिव्ह. धुरावरचं मांस. फुलं. रंग गडद, पण तुरटपणा बोर्डोएवढा ताठ नाही. लोकांना यात मिऱ्याचा वास येतो असं मला वाटतं. मला येत नाही. कधीच आला नाही. वर्षभर मी खोटं लिहिलं. सिरा असावी.'

म्हाताऱ्याने दोन्ही कागद वाचले. मुलीचा कागद त्याने दोनदा वाचला. मग तो काही न बोलता स्वयंपाकघरात गेला आणि मिऱ्याची चक्की घेऊन आला. पांढऱ्या बशीत त्याने मिरी दळली. कधीकाळी मलबारच्या किनाऱ्यावर ज्यासाठी गलबतं भरून सोनं आलं, तो मसाला बशीत चिमूटभर काळा होऊन पडला.

"हुंग, पोरी. काय येतं ते सांग."

मुलीने वास घेतला. तिला शिंक आली. "लाकूड," ती म्हणाली. "थोडी लिंबाची साल. आणि नाकाला झोंबतं."

"एवढंच?"

"एवढंच, महाशय."

"मला यात आणखी एक वास येतो," म्हातारा म्हणाला, "आणि तोच सगळ्यांत मोठा आहे. त्या द्रव्याचं नाव रोटंडोन. मिऱ्यात असतं तेच सिरात असतं. ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी २००८ साली ते शोधून काढलं. त्यांनी ते माणसांना हुंगायला दिलं, तेव्हा सुमारे पाचातल्या एकाला, चांगलं वाढवून दिलं तरी, वास आलाच नाही. बाकी नाक उत्तम. फक्त त्या एका दारावर कुलूप. तू त्या पाचव्यांतली आहेस."

मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. "मग मी या कामाची नाही?"

"मिऱ्याशिवाय तू सिरा ओळखलीस," तो म्हणाला. "ज्यांना मिरी येते, ते मिरी आली की पुढे बघत नाहीत. ऑलिव्ह तुझ्याच कागदावर आहे. मला राग आला तो एकाच गोष्टीचा. वर्षभर तू माझ्यापासून हे लपवलंस, आणि मी 'छान' म्हणत राहिलो. आपलं दोघांचं वर्ष गेलं."

मग तो मुलाकडे वळला. तिसऱ्या पेल्यात अजून दोन घोट होते. त्याने पेला त्याच्या हातात दिला, शेजारी त्याचाच कागद ठेवला.

"घोट तोंडात धर, मग थुंकून टाक आणि हे मोठ्याने वाच."

मुलाने घोट घोळवला, थुंकला आणि वाचू लागला. चेरी. ओली पानं. रेशमी... इथे त्याची जीभ टाळ्याला चिकटली. पुढचा शब्द त्याला उच्चारता येईना. त्याने कागद खाली ठेवला.

"लाजू नकोस," म्हातारा म्हणाला. "बोर्डोच्या विद्यापीठात ५४ विद्यार्थ्यांना एकदा पांढरी वाईन बिनवासाचा तांबडा रंग घालून दिली होती. शिकणारीच मुलं होती ती. त्यांनी तिच्यात तांबड्या वाईनचे वास लिहिले. २००१ साली ते छापून आलं. डोळ्याने नाव सांगितलं की नाक ते ऐकतं. म्हणून तर नाव शेवटी. आणि बघ, तिसरा पेला चुकला म्हणून पाचवाही चुकला. पाचवीच आपल्या घरची बर्गंडी होती."

मुलीचाही दुसरा पेला चुकला होता. त्यावर त्याने पेन्सिलीने एवढंच लिहिलं: 'वर्णन बरोबर, नाव दुरुस्त कर.'

किल्ली त्या रात्री कुणालाच मिळाली नाही. ती टेबलाजवळच्या खिळ्याला टांगली गेली आणि पुढे तिथेच राहिली.

या गोष्टीत वाईन कळण्याचा भाग थोडा आहे. मुलाने बाटलीचे खांदे वाचले, मुलीने शेजाऱ्याचा चेहरा वाचला. पेला दोघांच्याही हातात होता. आपणही असंच करतो. गाणं ऐकताना, माणूस पारखताना, देवळात हात जोडतानासुद्धा. सगळ्यांना जे जाणवतं म्हणतात ते आपल्याला जाणवलं नाही, हे कागदावर लिहायला फार धीर लागतो. तो धीर जिला झाला, तिच्या बाकीच्या शब्दांवर म्हाताऱ्याला त्या रात्रीपासून निर्धास्त विसंबता आलं.

पुढच्या सोमवारी पुन्हा पेले मांडले गेले. या वेळी दोघं एकाच टेबलाशी, समोरासमोर. तिसरा पेला रोनकाठच्या एर्मिताज टेकडीवरच्या सिराचा होता. मुलाची नाकपुडी किंचित फुलली.

"आली का मिरी?" मुलीने विचारलं.

"आली."

"कशी असते? नाकात लागते की घशात? सांग ना."

मुलाने डोळे मिटले. त्याला आजवर हे कुणी विचारलं नव्हतं. 'मिरी' शब्द लिहिला की काम झालेलं असे. त्याने पेला पुन्हा नाकाशी नेला आणि बराच वेळ तिथेच धरला.

"कोरडी असते," तो अखेर म्हणाला. "मागून येते. आधी फळ येतं, मग ती. उन्हात तापलेल्या धुळीवर कुणी मिरी ठेचावी तशी." मग त्याने पेला तिच्याकडे सरकवला. "आता तू सांग. ऑलिव्ह कुठे आहे? मला सापडत नाही."

मुलीने आपल्या वहीत लिहिलं, 'मिरी: त्याला.' आणि पेला उचलला.