बंद पेटीचें सौंदर्य

वस्तु देखणी असावी कीं दुरुस्त होणारी असावी, हा प्रश्न नुकताच आमच्या वारज्याच्या घरांत उपस्थित झाला. महाविद्यालयांत शिकणाऱ्या मुलीचा वहीसारखा पातळ लॅपटॉप तीन वर्षांतच मंदावला व त्याची बॅटरी तासभरहि टिकेना. मीं तो तपकीर गल्लींत नेला. कारागिरानें उघडून पाहिलें आणि म्हटलें, "काका, रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली आहे, ती वाढणार नाहीं. बॅटरी चिकटवलेली आहे. ती काढीन, पण हिच्या जागीं बसेल अशी दुसरी बाजारांत मिळत नाहीं." उलट, घरांतील दहा वर्षांपूर्वींचा जाडजूड लॅपटॉप रॅम व डिस्क बदलून आजहि काम देतो आहे.

एवढ्यावरून देखणेपणास दोष देणें न्याय्य होणार नाहीं. जानेवारी २००८ मध्यें स्टीव्ह जॉब्स यांनीं मॅकबुक एअर कागदी लखोट्यांतून बाहेर काढून दाखविला, तेव्हां लोक भुलले ते केवळ नटवेपणाला नव्हे. वारजे माळवाडीहून बसमध्यें उभ्यानें जाणाऱ्या मुलीच्या खांद्यावरील ओझें खरें असतें. रॅम प्रोसेसरच्या निकट कायमची बसविल्यानें जागा व वीज वांचते, हेंहि खरें. शिवाय रॅम सहसा झिजत नाहीं. ती वाढणार नाहीं एवढें विक्रेत्यानें आधीं स्पष्ट सांगावें व ग्राहकानें विचारावें. मीं विचारलें नाहीं. तितका दोष माझा.

बॅटरीची गोष्ट निराळी आहे. लिथियम-आयन बॅटरी शेंकडों वेळां चार्ज झाली कीं तिची शक्ति उतरते, हें यंत्र घडविणाऱ्यास घडवितांनाच ठाऊक असतें. जो भाग प्रथम निकामी होणार हें निश्चित, तोच हाताला लागणार नाहीं असा बंद करणें, म्हणजे धडधाकट यंत्राचें मरण आधींच ठरवून ठेवणें होय. त्या सौंदर्याची उरलेली किंमत पुढें मालक भरतो आणि त्याच्यामागून कचरा वेगळा करणारा मजूर भरतो.

आपल्या जुन्या घरांना हा विवेक होता. पितळी पातेल्याची कल्हई उडणारच. म्हणून कल्हई पुनःपुन्हा नवी होई आणि पातेलें आजीकडून नातीकडे जाई. तें कुरूप होतें असें कोण म्हणेल?

युरोपीय संघानें २०२३ सालच्या नियमांत, कांहीं अपवाद सोडून, वापरणाऱ्यास बॅटरी स्वतः बदलतां आली पाहिजे असें ठरविलें. त्याच्या अंमलाची तारीख १८ फेब्रुवारी २०२७ ही आहे. आपल्या केंद्र सरकारनेंहि २४ डिसेंबर २०२२ रोजीं दुरुस्तीच्या हक्काचें पोर्टल सुरू केलें. परंतु माहिती मिळणें निराळें आणि सुटा भाग हातीं पडणें निराळें.

आतां मुलीसाठीं नवा लॅपटॉप घ्यावयाचा आहे. तो हलका असावा, हा तिचा आग्रह मला मान्य आहे. मात्र पैसे देण्यापूर्वीं तिनें दुकानदारास विचारावें, "ह्याची बॅटरी कोण बदलील, आणि ती किती वर्षें मिळेल?" ह्या प्रश्नाला उत्तर असेल तर त्याच्या देखणेपणाचे चार पैसे अधिक द्यावयास माझी ना नाहीं.