मेहेरबानीपासून हक्कापर्यंत

बुऱ्हाणपुरात अकबराचा सरदार अब्दुर्रहीम खानखाना, म्हणजेच कवी रहीम, याचे नाव निघते ते कुंडी भंडारा या भुयारी पाणीयोजनेमुळे, नाहीतर त्याच्या दोह्यांमुळे. त्याची तिसरी ओळख ग्रंथवेड्या माणसाची आहे. त्याने करवून घेतलेली फारसी रामायणाची सचित्र पोथी आज वॉशिंग्टनच्या फ्रीअर संग्रहालयात आहे. पोथीच्या एका कोऱ्या पानावर त्याने स्वतःच्या हाताने टिपण लिहून ठेवले आहे. त्याचा आशय असा: अकबराच्या हुकमावरून हे रामायण संस्कृतातून फारसीत आले, देव मिश्र नावाचे ब्राह्मण श्लोकांचा अर्थ सांगत आणि नकीबखान तो फारसीत मांडत असे, बादशाहाकडची प्रत पाहून आपण नक्कल करून घेण्याची परवानगी मागितली आणि ती मिळाली. १५८७-८८ च्या सुमारास हाती घेतलेले हे काम १५९८-९९ मध्ये पुरे झाले.

दुसऱ्याची कलाकृती वापरताना काय करावे, याचा धडा या टिपणात आहे. परवानगी घ्यावी, ती घेतल्याचे लिहून ठेवावे, अनुवादकाचे नाव सांगावे आणि ज्याच्यावाचून अनुवाद झालाच नसता त्याचेही सांगावे. तरीही एक गोष्ट डोळ्याआड करता येत नाही. याच भाषांतराचे श्रेय इतिहासकार बदायुनीने आपल्या ग्रंथात स्वतःकडे घेतले आहे. रहीमच्या टिपणात त्याचे नाव नाही. श्रेय कोणाला द्यायचे, हे लेखणी ज्याच्या हाती त्याने ठरवायचे, असा तो काळ होता. देव मिश्रांचे नाव उरले ते रहीमच्या मनाच्या मोठेपणामुळे. ते मागण्याचा हक्क त्यांना नव्हता.

त्याच सुमाराला, १५८४ मध्ये, पैठणला एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. नकला होता होता पाठ बिघडले होते, कोणी पदरच्या ओव्या घुसडल्या होत्या. नाथांनी पाठ शुद्ध केले आणि यात कोणी आपली ओवी घालू नये, असे शेवटी बजावले. पुढच्या शतकात सालोमालो तुकोबांचे अभंग स्वतःच्या नावावर खपवू लागला, असे परंपरा सांगते. तुकोबांच्या गाथेत त्याच्यावरचे अभंगही आहेत. म्हणजे वाङ्मयचौर्याची चीड आपल्याकडे कायद्याच्या कितीतरी आधीची आहे. नक्कल करायला मात्र कोणाची आडकाठी नव्हती, उलट पोथी उतरवून घेणे हे पुण्यकर्मच मानले जाई. नक्कल करा, पण नाव बदलू नका आणि मजकूर भ्रष्ट करू नका, एवढाच दंडक होता.

तो पुरेसा होता, कारण लेखकाचे पोट प्रतींच्या विक्रीवर चालत नव्हते. ते आश्रयदात्यावर चाले. अब्दुल बाकी नहावंदीने १६१६ मध्ये बुऱ्हाणपुरात पुरा केलेला ‘मआसिर-ए-रहीमी’ वाचला की रहीमच्या पदरी किती कवी, चित्रकार आणि सुलेखनकार होते ते कळते.

छापखाना आला आणि हिशेबच बदलला. एका पोथीची नक्कल करायला महिनोन्‌महिने लागत. आता हजार प्रती काही दिवसांत निघू लागल्या आणि प्रतीला बाजारभाव आला. मग कायदा आला: कंपनी सरकारचा १८४७ चा, त्यानंतर इंग्लंडच्या कायद्यावर बेतलेला १९१४ चा. शेवटी स्वतंत्र भारताने १९५७ मध्ये स्वतःचा प्रताधिकार कायदा केला. योगायोग असा की त्याच्या आदल्याच वर्षी बुऱ्हाणपूरजवळच्या नेपानगरचा वृत्तपत्री कागदाचा कारखाना राष्ट्राला अर्पण झाला होता. देशात कागद आणि छपाई वाढत असताना, त्या कागदावर जे छापले जाईल ते कोणाचे, याचेही उत्तर देशाने दिले.

ते उत्तर एकतर्फी नाही. लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क राहतो; आधी ही मुदत ५० वर्षांची होती, रवींद्रनाथांच्या साहित्यावरचा हक्क संपत आला तेव्हा ती वाढवली गेली. मुदत संपली की कृती सर्वांची. कल्पनेवर मालकी नाही, मांडणीवर आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद यांच्या नाटकाच्या खटल्यात स्पष्ट केले. रामकथा कोणीही सांगावी, पण दुसऱ्याने लिहिलेले रामाचे नाटक जसेच्या तसे उचलू नये. अभ्यास, समीक्षा आणि बातमी यांसाठी वाजवी वापराची मोकळीक आहे. हौशी मंडळाने बिनतिकीट प्रेक्षकांसमोर नाटक केले किंवा लग्नाच्या वरातीत गाणे वाजवले, तर तो भंग ठरत नाही.

मला या कायद्यातले सर्वांत मोलाचे वाटते ते कलम ५७. हक्क विकल्यावरही ‘हे माझे आहे’ असे म्हणण्याचा आणि कृतीची मोडतोड झाल्यास दाद मागण्याचा अधिकार निर्मात्याकडेच राहतो. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचे दिल्लीच्या विज्ञान भवनातले भित्तिशिल्प १९७९ मध्ये काढून टाकण्यात आले. २००५ मध्ये उच्च न्यायालयाने ते त्यांना परत देण्याचा आणि भरपाई देण्याचा आदेश सरकारला दिला. नाथांनी ज्याची कळकळ बाळगली आणि रहीमने जे आपणहून केले, ते आता सरकारकडूनही मागून घेता येते. मेहेरबानीचा हक्क झाला, तो असा.

तरी कायद्याचा हात सगळीकडे पोचत नाही. मोबाइलवर आलेले छायाचित्र फ्लेक्सवर चढवताना कोपऱ्यातली छायाचित्रकाराची सही कापली जाते. कविता पुढे पाठवताना खालची ओळ, म्हणजे नेमके कवीचे नाव, गळते. मागाहून तीच कविता भलत्याच नामवंताच्या नावावर फिरते. यातला कोणी कोर्टात जाणार नाही. वकिलाची फी त्याच्या मानधनापेक्षा जास्त असते. इथे पुन्हा सगळे वापरणाऱ्याच्या सचोटीवर येऊन ठेपते. आपण सगळेच आता छोटे प्रकाशक झालो आहोत. तेव्हा प्रकाशकाची जबाबदारीही आपलीच.

खानदेशातल्या बहिणाबाईंना लिहिता येत नव्हते. घरच्यांनी त्यांची गाणी टिपून घेतली आणि त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२ मध्ये, ती त्यांच्याच नावाने छापली गेली. तसे झाले नसते तर ‘लोकगीत’ या शिक्क्याखाली त्या कायमच्या हरवल्या असत्या. तापीच्या दोन्ही काठांवर ओव्या रचणाऱ्या अशा कितीजणी नावाशिवाय गेल्या असतील! म्हणून दुसऱ्याचे काही वापरायच्या आधी ते कोणाचे, हे शोधावे. माणूस सापडला तर विचारावे. वापरले तर नाव लिहावे. सापडलाच नाही तर ‘कवी अज्ञात’ असे प्रामाणिकपणे लिहावे. मोठ्या लेखकाच्या पाठीशी प्रकाशक असतो, वकील असतो. ज्याच्या पाठीशी कोणी नाही त्याचे नाव आपण जपतो की नाही, यावरच आपले कलाप्रेम खरे की खोटे ते ठरते.