उकिरडा वेस कोणी बांधावी?

नहेम्याच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय शब्बाथशाळेत शिकवावयाचा म्हणजे शिक्षकाची परीक्षाच असते. नावांमागून नावे येतात, आणि मुलांचे लक्ष खिडकीबाहेर जाते. आमच्या वर्गातही तसेच झाले. यरुशलेमेच्या तटाची कोणती वेस कोणी दुरुस्त केली हे वाचता वाचता आम्ही चौदाव्या वचनाशी आलो, आणि ‘उकिरडा वेस’ हे शब्द ऐकताच मुले फिदीफिदी हसू लागली. नगरातली सारी घाण ज्या वेशीतून बाहेर जाई ती वेस मल्कीयाने बांधली, आणि हा मल्कीया एका भागाचा अधिकारी होता. मागच्या बाकावरील एका मुलीने विचारले, “एवढा मोठा माणूस, मग त्याने हीच वेस का घेतली? दुसरी उरली नव्हती का?”

आम्हांस उत्तर सुचले नाही. खरे सांगावयाचे तर त्या वेळी आमच्या मनात इंदूरची बातमी घोळत होती.

इंदूर हे आपल्याला परके शहर नव्हे. होळकरांच्या राज्यामुळे तेथे मराठी घरे पिढ्यान् पिढ्या नांदत आली आहेत, आणि कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनने १८७७ साली मध्य हिंदुस्थानातले काम तेथे आरंभिले. देशातील स्वच्छ शहरांच्या यादीत हे शहर २०१७ पासून वर्षानुवर्षे पहिले आले. सांडपाण्याची नीट व्यवस्था लावल्याबद्दल ‘वॉटर प्लस’ हा दर्जा मिळविणारे ते देशातील पहिले शहर, ही गोष्ट ऑगस्ट २०२१ ची. त्यामागचे काम खोटे नव्हते. हजारो गटारांची तोंडे नदीनाल्यांतून काढून भूमिगत नळांना जोडली गेली. कबीटखेडी येथे दररोज २४ कोटी ५० लाख लिटर सांडपाणी शुद्ध करू शकणारे केंद्र उभे राहिले. आणि त्याच शहरात डिसेंबर २०२५ च्या अखेरीस भागीरथपुरा या वस्तीत पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळले. मुख्य जलवाहिनीला गळती होती, आणि त्याच जागी वर एक शौचालय बांधलेले आढळले. शेकडो लोकांना इस्पितळात न्यावे लागले. कित्येक दगावले, त्यांत एक तान्हे बाळही होते. पाण्याला वास येतो, ते कडवट लागते, अशी तक्रार तेथील लोक आधीपासून करीत होते.

ही बातमी वाचून कोणी इंदूरला हसू नये. आपल्यापैकी बहुतेकांच्या गावांत पाणी काही तासच येते. पाणी चालू असते तोवर नळातला दाब बाहेरच्या घाणीला आत येऊ देत नाही. पाणी बंद झाले की नळ रिकामा होतो, आणि जिथे भेग असेल तिथून शेजारच्या गटाराचे पाणी आत ओढले जाते. दोन्ही नळ जुने, दोन्ही एकाच चिंचोळ्या गल्लीत हात-दीड हाताच्या अंतरावर पुरलेले! आपल्या गल्लीत काय पुरलेले आहे हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

इंदूरला हा प्रश्न नवा नाही. १९१७ मध्ये शहरात प्लेग असताना पॅट्रिक गेडीस नावाचे स्कॉच गृहस्थ नगररचनेसाठी तेथे आले. फ्री चर्चच्या घरात वाढलेला हा माणूस गल्लीबोळांतून पायी हिंडत असे. त्या दिवाळीत त्यांनी एक मिरवणूक काढविली. ज्या रस्त्यावरील लोक घरेदारे अधिक स्वच्छ करतील त्या रस्त्याने ती जाईल, असे आधी जाहीर केले होते. म्हणून घराघरांतून कचऱ्याच्या गाड्या भरून निघाल्या. मिरवणुकीत त्यांनी शहरातील मेहतरांना नवे पांढरे कपडे घालून मानाने चालविले. करिंथकरांस लिहिताना पौलाने शरीरातील उणे वाटणाऱ्या अवयवांना अधिक मान देण्याविषयी जे सांगितले, ते त्या दिवशी रस्त्यावरून चालत गेले, असे आम्हांस वाटते. (आमच्या मंडळीच्या वार्षिक उत्सवात झाडू मारणाऱ्या बाईला पुढच्या रांगेत बसविल्याचे आम्हांस आठवत नाही. असो.)

पुढे १९८९ च्या सुमारास हिमांशु पारीख या अभियंत्याने तेथेच एक वेगळा विचार मांडला. सांडपाणी उताराने वाहते. शहरातील सर्वांत खालची जमीन म्हणजे नाल्याकाठची, आणि गरिबांची वस्ती नेमकी तिथेच असते. मग शहराची गटारे या वस्त्यांना वळसा घालून न नेता त्यांच्यामधूनच न्यावीत, म्हणजे वस्तीचीही सोय होईल व शहराचीही. ज्यांना शहर आपली अडचण समजत होते त्यांच्याच दारातून शहराचा मार्ग निघाला! १९९८ मध्ये या कामास वास्तुकलेचा आगाखान पुरस्कार मिळाला. परंतु गीता दिवाण वर्मा यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात या कामावर कठोर टीका केली. कागदावरील योजना आणि वस्तीतील गटारे यांत मोठे अंतर पडल्याचे त्यांनी दाखविले. पारितोषिक देणारे येतात, पाहतात, जातात. तुंबलेल्या गटारापाशी राहावे लागते ते त्या गल्लीतल्याच बाईला.

शहराची कान्ह नदी, जिला जुने लोक खान म्हणतात, पुढे उज्जैनजवळ क्षिप्रेला मिळते. २०१६ च्या सिंहस्थाआधी तिचे मैले पाणी नळातून वळवून स्नानाच्या घाटांच्या पलीकडे सोडण्याची योजना झाली. यात्रेकरूंची काळजी घेतली हे योग्यच झाले. पण घाटांच्या पलीकडेही गावे आहेत. आपण घरातला केर शेजाऱ्याच्या दाराशी लोटतो, नगरपालिका शहरातला केर खालच्या गावाशी लोटते; दोहोंत फरक आहे तो केवळ झाडूच्या लांबीचा.

तेव्हा प्रश्न असा की, आपल्या घाणीची जबाबदारी आपल्यावर कुठवर राहते? मोरीपर्यंत? फाटकापर्यंत? कर भरल्याच्या पावतीपर्यंत? एक वडीलधारे सभासद आम्हांस म्हणाले, “आम्ही पट्टी भरतो, पुढचे नगरपालिका जाणे. मंडळीने वचन सांगावे, गटाराच्या गोष्टी कशाला?” त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. नळ टाकण्याचे काम पाळकसाहेबांना येत नाही. तरी अनुवादाच्या तेविसाव्या अध्यायात छावणीबाहेर खड्डा खणून मळ झाकण्याची आज्ञा आहे, आणि तिचे कारण असे दिले आहे की परमेश्वर छावणीतून चालतो. ज्या वचनाने ही गोष्ट आपल्या योग्यतेखालची मानली नाही ते सांगताना आपण नाक का मुरडावे? शिवाय, शेजारी कोण, असे त्या शास्त्र्याने विचारले तेव्हा प्रभूने त्याला वाटेत पडलेला एक माणूस दाखविला. आपल्या मोरीची वाट जिथवर जाते तिथवर कोणीतरी पडलेले असू शकते.

जुने नळ बदलणे ही सुखाची गोष्ट नव्हे, हे आम्ही जाणतो. रस्ता महिनोन् महिने खणलेला राहतो, दुकानदाराचे गिऱ्हाईक तुटते, म्हाताऱ्या माणसांना उपासनेला येता येत नाही. नाल्याकाठच्या कुटुंबाला तर घरच सोडावे लागते, आणि नवे घर मिळाले तरी ते कामाच्या ठिकाणापासून दूर. सगळ्यांची अडचण सारखी नसते. ज्याच्या दारासमोर चार महिने खड्डा राहील त्याने कुरकुर केली तर ती ऐकून घ्यावी. ज्याचे घर जाईल त्याच्या बाजूने मात्र उभे राहावे, आणि तेही घर पडण्याआधी.

हे लिहीत असताना मुलीचा प्रश्न पुन्हा आठवला, आणि आम्ही पंचांच्या बैठकीत एक साधी गोष्ट विचारली: आपल्या मंदिराच्या आवारातील मैल्याची टाकी शेवटची कोणी उपसली? कोणालाच सांगता आले नाही. चिटणिसांनी हिशेबाची वही काढली. ‘किरकोळ खर्च’ या सदराखाली एक रक्कम होती, नाव नव्हते. मग एकाला आठवले की दोन माणसे बादली व दोर घेऊन आली होती आणि त्यांतला एक आत उतरला होता. माणसाने साधनांवाचून असे आत उतरणे २०१३ च्या कायद्याने बंद आहे. अशा कामात मृत्यू आला तर कुटुंबास तीस लाख रुपये द्यावेत, असा सर्वोच्च न्यायालयाचा ऑक्टोबर २०२३ चा निकाल आहे. हे आम्ही सांगितले तेव्हा खोलीत थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग यंत्राच्या गाडीला किती पैसे पडतील यावर चर्चा झाली, आणि रक्कम ऐकून दोघांनी हा विषय पुढे ढकलावा असे सुचविले.

तो पुढच्या बैठकीत पहिला ठेवला आहे. आत उतरलेल्या माणसाचे नाव अजून कोणाला आठवलेले नाही. चिटणीस त्याच्या वस्तीत चौकशीला जाणार आहेत, आणि मागच्या बाकावरील त्या मुलीचे वडील त्यांच्याबरोबर जातो म्हणाले आहेत.